मिरजेची तार, औंधचं चित्र: सांगली-साताऱ्यातली कला निवांत कशी अनुभवावी

साताऱ्यात आलेला पाहुणा कास बघतो, सज्जनगड चढतो, ठोसेघरचा धबधबा बघतो आणि कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन परत फिरतो. सांगलीत आलेला गणपतीचं दर्शन घेतो, भडंग बांधून घेतो आणि गाडीत बसतो. मराठी रंगभूमीची सुरुवात झाली ती याच पट्ट्यात, किराणा या गायकीच्या घराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ कायमचे विसावले तेही इथेच, आणि इथल्याच एका डोंगरावरच्या संग्रहालयात इंग्रज शिल्पकार हेन्री मूरचं शिल्प आहे, हे सांगितलं की माणसं "अरे वा" म्हणतात आणि पुढच्या वेळी पुन्हा कासलाच जातात. पाहुण्यांचं सोडा, इथं जन्म गेलेल्यांनाही कितीदा सांगावं लागतं.

कलेची सहल फसते ती बहुतेक वेळा एकाच कारणानं. लोक एका दिवसात चार-पाच ठिकाणं कोंबतात आणि कशाचीच तयारी करून जात नाहीत. त्यामुळे सगळ्यात पहिला नियम एवढाच: एका दिवसाला एकच मुख्य गोष्ट. मिरज तर मिरज, औंध तर औंध. उरलेला वेळ चहा प्यायला, चालायला आणि गप्पा मारायला.

आधी पंचांग काढा, मग रजा टाका

इकडचे बरेचसे कार्यक्रम तारखेवर नसतात, तिथीवर असतात. त्यामुळे "ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी काही असेल का" असं विचारून उपयोग नाही. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या आणि अश्विन महिन्याचं पान उघडा.

घटस्थापनेपासून नऊ दिवस मिरजेच्या अंबाबाई मंदिरात नवरात्र संगीत महोत्सव असतो. दसरा, कोजागिरी झाली की अश्विन वद्य पंचमीला औंधचा संगीत महोत्सव. अंतुबुवा जोशी यांनी आपल्या गुरूंच्या, शिवानंदस्वामींच्या स्मरणार्थ १९४० साली तो सुरू केला. पुढे त्यांचे चिरंजीव गजाननबुवा यांनी तो वाढवला. मग ५ नोव्हेंबर, मराठी रंगभूमी दिन. हा मात्र इंग्रजी तारखेवर ठरलेला. त्या दिवशी सांगलीत विष्णुदास भावे गौरवपदक दिलं जातं. म्हणजे नवरात्रापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, साधारण महिना-सव्वा महिन्यात, गाणं आणि नाटक दोन्ही पदरात पडतं. वर्षातून एकदाच जमणार असेल, तर रजा इथेच टाका.

दुसरा हंगाम चैत्रातला, गावोगावच्या जत्रांचा. त्याबद्दल पुढे बोलू. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसाची तारीख दरवर्षी बदलते, ती मिरजेतल्या कुणाही ओळखीच्याला फोन करून विचारून घ्यावी. ओळखीचं कुणी नसेल तर मिरजेतल्या एखाद्या वाद्याच्या दुकानात फोन लावा, तारीख तर कळेलच, शिवाय कोण गाणार आहे हेही कळेल.

निघण्याच्या आठवडाभर आधी कार्यक्रमाची वेळ नक्की करून घ्या. संग्रहालयाला जाणार असाल तर त्या दिवशी ते उघडं आहे ना, हेही. सोमवारी बरीच सरकारी संग्रहालयं बंद असतात, आणि डोंगर चढून कुलूप बघण्यासारखा वैताग नाही.

जाण्याआधी घरी: कान थोडे तयार करा

"आम्हाला शास्त्रीय संगीतातलं काही कळत नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वादही घालत नाही. कळण्याची गरज पहिल्या दिवशी नसतेच. आठवडाभराची एक छोटी तयारी मात्र फार उपयोगी पडते.

उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२ ते १९३७) यांची जुनी ध्वनिमुद्रणं इंटरनेटवर सहज मिळतात. ती ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरची, म्हणजे एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. त्यांची झिंझोटी रागातली ठुमरी काढा आणि रोज एकदा ऐका. पहिले दोन दिवस नुसता आवाज ऐका: किती बारीक, किती वरचा, आणि तरी कुठेही जोर लावलेला नाही. पुढचे दोन दिवस तबल्याकडे लक्ष द्या. गाण्याची एक ठरलेली ओळ पुन्हा पुन्हा येते आणि तिच्यातला एक शब्द तबल्याच्या एका ठोक्यावर बरोबर येऊन बसतो. ती सम. ती एकदा कानाला सापडली की मैफलीत लोक एकदम माना का डोलावतात, हे कुणाला विचारावं लागत नाही. शेवटचे दिवस एकच ओळ ते दर वेळी कशी वेगळी वळवतात ते बघा.

राग फक्त दोन घ्या, यमन आणि भैरवी. वेगवेगळ्या लोकांचे ऐका, सिनेमातलं चालेल, नाट्यगीत चालेल. वीस रागांची नावं पाठ करून गेलेला माणूस मैफलीत बसल्या बसल्या राग ओळखण्याची परीक्षा देत राहतो आणि गाणं ऐकायचं राहून जातं.

मिरज: वाद्य जन्माला येताना बघा

मिरज जंक्शनवर उतरलात की रिक्षावाल्याला "सतारमेकर गल्ली" एवढं सांगा. इथं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंतुवाद्यं बनतात. आधी ही घराणी शिकलगारांची, तलवारी-भाले घडवणारी आणि त्यांना धार लावणारी. संस्थानांच्या लढाया संपल्या, हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही, आणि फरीदसाहेब सतारमेकरांसारख्या कारागिरांनी हात वाद्यांकडे वळवले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला, म्हणजेच तंबोऱ्याला, भौगोलिक मानांकन मिळालं.

गल्लीत जायची वेळ सकाळी दहानंतरची किंवा दुपारी चारनंतरची ठेवा. शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ असते, तेव्हा टाळा. दुकानात शिरल्या शिरल्या टांगलेल्या तारा छेडू नका. प्रत्येक नवख्याचा हात आपोआप तिकडे जातो आणि प्रत्येक कारागीर मनातल्या मनात कपाळाला हात लावतो. आधी बसा. "तंबोरा कसा बनतो ते बघायला आलोय, पाच मिनिटं बसू का?" असं सरळ विचारा. काम अंगावर नसेल तर माणसं मनापासून दाखवतात.

बघायचं काय, तर भोपळ्यापासून सुरुवात करा. तंबोऱ्याचा तो मोठा गोल खरोखरचा भोपळा असतो, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमाकाठी पिकवलेला. खायचा दुधी नव्हे. हा कडू, जाड सालीचा आणि मुद्दाम मोठा होऊ दिलेला. तो वाळवतात, पाण्यात भिजवतात, कापून आतला गर आणि बिया काढतात, आणि मग त्याला गळा आणि दांडी जोडतात. लाकूड तुणीचं, वजनाला हलकं. भोपळ्यावर तबली, म्हणजे झाकणासारखी लाकडी पाटी, बसते, तबलीवर घोडी, म्हणजे तारा जिच्यावरून जातात तो छोटा पूल, आणि दांडीच्या टोकाला खुंट्या. सतारीला पडदे असतात, तंबोऱ्याला नसतात. कोपऱ्यात वाळत पडलेल्या भोपळ्यांकडे नीट बघा: एकासारखा दुसरा नसतो. म्हणूनच कुठले दोन तंबोरे हुबेहूब एकसारखे वाजत नाहीत.

जवारी लावण्याचं, म्हणजे घोडी घासून तारेची गुंज जुळवण्याचं, काम चालू असेल तर बाकी सगळं सोडा आणि तिथंच थांबा. घोडीचा वरचा पृष्ठभाग सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. कारागीर कानशीनं तो किंचित घासतो, तार पुन्हा वर चढवतो, छेडतो, मान हलवतो, परत घासतो. मग शिवणाच्या दोऱ्याचा एक तुकडा तारेखाली, घोडीवर ठेवतो आणि केसभर पुढे सरकवतो. इतका वेळ "टण्" करून मरणारी तार एकदम उघडते, तिच्यातून दुसरेच स्वर झिरपायला लागतात आणि आवाज संपता संपत नाही. दोरा केसभर मागे घेतला की सगळं परत बंद. एवढं एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढे कुठल्याही मैफलीत गायक सुरुवातीला दहा मिनिटं तंबोरे का जुळवत बसतो, याचा कंटाळा येत नाही.

मग तंबोऱ्याच्या चार तारा ऐकून घ्या. पहिली पंचमाची, म्हणजे 'प'ची (काही रागांना मध्यमाची, 'म'ची), मधल्या दोन षड्जाच्या, म्हणजे 'सा'च्या, जोडीच्या, शेवटची खर्जाची, खालच्या 'सा'ची. डोळे मिटून फक्त शेवटची तार पकडायचा प्रयत्न करा. फोटो काढायचे असतील तर विचारून. विकत घ्यायचं नसेल तर घेण्याचं नाटक करू नका, भाव विचारून त्यांचा वेळ खाऊ नका. घ्यायचं असेल तर मात्र ऐकणारं कुणीतरी सोबत न्या आणि नक्षी बघून वाद्य निवडू नका.

तिथून मीरासाहेबांच्या दर्ग्यात जा. डोक्यावर रुमाल, चपला बाहेर. दर्ग्याच्या आवारातच खाँसाहेबांची कबर आहे. ते जन्माने उत्तरेतल्या किराण्याचे, पण राहिले मिरजेत. १९३७ साली दक्षिणेच्या दौऱ्यात प्रवासात असतानाच त्यांचं निधन झालं आणि त्यांना इथं आणून दफन केलं. त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांचा जन्म मिरजेचाच, १९०५ सालचा. उरुसात खाँसाहेबांच्या स्मृतीसाठी कलाकार इथं येऊन हजेरी लावतात. तिथं गाणं ऐकायला मिळालं तर पुढे जाऊन मोबाईल उंच धरून उभे राहू नका, मागे कुठेतरी मांडी घालून बसा. मागची जागा ऐकायला बहुतेक वेळा चांगलीच असते आणि उठून जायलाही सोपी.

सांगली आणि हरिपूर: नाटक बघण्याची जुनी रीत

१८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघून संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांना वाटलं, असं काहीतरी आपल्याकडेही व्हावं, आणि त्यांनी भाव्यांना ते करायला सांगितलं. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते तिथपासून. नंतरचे नाटककार गोविंद बल्लाळ देवल आणि कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हेही याच मातीतले.

एखादं व्यावसायिक नाटक तुम्ही पुण्यातही बघाल. सांगलीत आलात तर हौशी नाटक बघा. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी सांगली केंद्रावर होते तेव्हा भावे नाट्यमंदिरात रोज नवं नाटक असतं. तिकीट नाममात्र. रंगमंचावर बँकेतला कारकून, शाळेतल्या बाई, इंजिनिअरिंगची पोरं. काही नाटकं फसतात, अगदी दणकून फसतात, आणि तेही बघण्यासारखं असतं. प्रेक्षकांत म्हातारे जाणकार बसलेले असतात, मध्यंतरात चहाच्या टपरीवर त्यांच्या शेजारी उभं राहावं. परीक्षकांच्या आधी निकाल तिथं लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हरिपूरला जा. सांगलीपासून इतकं जवळ की चालतही जाता येतं. वाटेवर झाडी, शेवटी संगमेश्वराचं देऊळ आणि खाली कृष्णा-वारणेचा संगम. देवल मूळचे हरिपूरचे. याच संगमावरच्या पारावर बसून त्यांनी 'संगीत शारदा' लिहिलं, असं गावात सांगतात. १८९९ सालचं ते नाटक, म्हाताऱ्या नवऱ्याला कोवळी मुलगी देण्याच्या चालीवरचं. वाचनालयातून पुस्तक घेऊन जा, पारावर बसा आणि एखादा प्रवेश मोठ्यानं वाचा. दोघं असाल तर पात्रं वाटून घ्या. येणारे-जाणारे बघतील, बघू देत.

औंध: चित्रासमोर उभं कसं राहायचं

औंधला साताऱ्याहून रहिमतपूरमार्गे किंवा सांगलीकडून पुसेसावळीवरून जाता येतं. यमाईच्या डोंगराच्या वाटेवर श्रीभवानी संग्रहालय आहे. औंधचे संस्थानिक भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभारलं. हा माणूस स्वतः चित्रं काढायचा, कीर्तनं करायचा आणि सूर्यनमस्काराचा प्रचार करायचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान दिलं तेही याच संस्थानानं. जेमतेम काही डझन गावांचं संस्थान, आणि हौस बघा केवढी!

संग्रहालयात लोक रांगेत चालत राहतात. दहा सेकंद चित्र, पाच सेकंद पाटी, पुढचं. असं केलं तर तासाभरात शंभर वस्तू बघून होतील आणि बाहेर आल्यावर एकही आठवणार नाही. त्याऐवजी आधी एक फेरी न थांबता मारा. मग ज्या तीन वस्तूंपाशी पाऊल आपोआप हळू झालं, त्यांच्याकडे परत जा. बाकीच्या सोडून द्या, बिनदिक्कत.

त्या तिनांत राजा रविवर्म्याचं एक चित्र असावं, असं मी म्हणेन. आधी आठ-दहा पावलं मागं उभे राहा. उजेड कुठून येतोय, पात्राची नजर कुठं आहे, हाताची बोटं काय करतायत, एवढंच बघा. मग जवळ जा, दोरी असेल तिथपर्यंत, आणि लुगड्याच्या काठाकडे किंवा नथीकडे बघा. लांबून जी जर चकाकत होती ती जवळून पांढऱ्या-पिवळ्या रंगाचे चार ठिपके निघते. मोती म्हणजे एक करडा टिपका आणि त्यावर टेकवलेला पांढरा. पुन्हा मागं सरका, पुन्हा मोती. हे मागं-पुढं करणं म्हणजेच तैलचित्र बघणं. पाटी सगळ्यात शेवटी वाचा. आधी वाचली की डोळे तिच्या हुकमात चालतात.

लहान मुलं सोबत असतील तर त्यांना एक वही-पेन्सिल द्या आणि एकच काम सांगा: एका चित्रातला एक हात काढायचा. मुलं वीस मिनिटं गप्प बसतात, आणि मोठ्यांपेक्षा नीट बघतात.

हेन्री मूरचं 'माता आणि बालक' हे दगडी शिल्प दिसायला लहान आहे, त्यामुळे बरेच जण शेजारून निघून जातात. त्याच्याभोवती जमेल तितकं फिरा. समोरून दगड वाटतो, बाजूनं आई दिसते. लंडनच्या संग्रहालयात या माणसाच्या कामासमोर जी गर्दी असते ती इथं नाही. तुम्ही आणि तो दगड, मध्ये कुणी नाही.

संगीत महोत्सवाला जाणार असाल तर शाल, सतरंजी आणि पाण्याची बाटली न्या, अश्विनातली रात्र तिकडे गार असते. परतीच्या एसटीच्या भरवशावर राहू नका, मुक्काम किंवा गाडी आधीच ठरवा.

मेणवली, आणि वाईचा एक निवांत दुपारचा वेळ

वाईपासून जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट आहे. वाड्यातली भित्तिचित्रं अंधाऱ्या खोल्यांत आहेत. डोळ्यांना दोन मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या, फ्लॅश मारू नका, भिंतीला हात लावू नका. घाटावरच्या देवळात एक मोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, तिथल्या चर्चमधली ही घंटा. तिच्यावर बाळाला घेतलेली मेरी कोरलेली आहे, ती शोधा. इथं शूटिंगला आलेल्यांची वर्दळ असते, ती नसेल असा आडवार गाठा.

जत्रेतला तमाशा

याबद्दल लोकांच्या मनात दोन टोकं असतात, एक नाक मुरडणारं आणि एक फक्त लावणीसाठी जाणारं. लावण्या लिहिणारे शाहीर पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे, काळू-बाळूंचा तमाशाचा फड कवलापूरचा, शाहीर साबळे वाईजवळच्या पसरणीचे. ज्या भागात ही माणसं झाली तिथं तमाशा न बघता राहणं हे पाप नसलं तरी कपाळकरंटेपणा नक्की आहे.

चैत्रात कुठल्या गावची जत्रा कधी, हे एसटी स्टँडवरच्या फलकांवर आणि पोस्टरांवर कळतं. सुरुवातीपासून बसा. आधी गण, म्हणजे गणपतीचं स्तवन, मग कृष्ण-गौळणींची गवळण, मग विनोदी संवादांची बतावणी, आणि मग वग, म्हणजे मुख्य नाट्य. बतावणीतले विनोद गावाच्या ताज्या घडामोडींवर असतात, म्हणून शेजारी बसलेल्या गावकऱ्याशी आधीच दोस्ती करा, तो कानात सांगत राहील. ढोलकीवाल्याच्या हाताकडे बघा. लोक पैसे उधळत असतील तर तुम्हीही उधळलेच पाहिजेत असं काही नाही. तिकीट काढून बघणं हा पुरेसा मान आहे.

परत आल्यावर

घरी आलं की फोटो पाहिले जातात, मग तेही नाही. त्याऐवजी महिन्यातून एकदा घरी बैठक करा. सहा-आठ माणसं, एक तास, सगळे मोबाईल एका टोपलीत. एकच ध्वनिमुद्रण लावायचं, पूर्ण, मध्ये कुणी बोलायचं नाही. चहा नंतर, आधी दिला की कपांचा आवाज येतो आणि गप्पाही सुरू होतात. पुढच्या महिन्यात दुसऱ्याच्या घरी.

भिंतीकडेही बघा. आजोळच्या देवघरात जुन्या छापाची लक्ष्मी किंवा सरस्वती असेल, एखाद्या घरी तिच्या लुगड्यावर खरी जर आणि टिकल्या शिवलेल्या असतील. रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि अशी चित्रं घराघरांत गेली. औंधला तैलचित्र बघून आल्यावर घरची तसबीर उजेडात नेऊन बघा, छपाईचे बारीक ठिपके दिसतील. काच पुसताना ओला फडका कडेला लावू नका, पाणी आत उतरतं आणि कागदाला डाग पडतो.

आणि ज्या घरात आजी, आत्या, मावशी आहेत त्यांनी हे काम पुढच्या सुट्टीवर ढकलू नये. हादग्याची गाणी, पंचमीच्या फेराची गाणी, जात्यावरच्या ओव्या त्यांना अजून येतात. "आजी, गाणं म्हण ना" असं म्हटलं की आजी लाजते आणि एक कडवं म्हणून थांबते. त्यापेक्षा तिच्याशेजारी बसून शेंगा सोला, भाजी निवडा आणि "तुमच्या माहेरी हादगा कसा असायचा?" असं विचारा. हाताला काम असलं की ओळी आपोआप येतात. फोन उशीवर पालथा ठेवा, पंखा बंद करा, कुकर लावू नका. तिनं मध्येच गोष्ट सांगितली तर थांबवू नका, तीही हवीच असते. रेकॉर्डिंग झालं की लगेच फाईलला नाव द्या: आजीचं नाव, तिचं माहेरचं गाव, तारीख, गाण्याची पहिली ओळ. मग एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा आणि एक मामेभावंडांना पाठवा. त्यांच्या आजीला याच गाण्याची दोन कडवी जास्त येत असतील.